घड्याळातला सेल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, पोराला नाही, देवासमोरसुद्धा नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा सजवून सांगायला जमणार नाही.

माझी नात कोमल अमळनेरला आमच्या घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. डोळ्यांवर एक डबा बांधते, दोन्ही हातांत दोन मुठी धरते आणि त्या डब्यात दिसणाऱ्या, अजून न बांधलेल्या घरांतून फिरते. त्या प्रत्येक मुठीत एक सेल लागतो. पुन्हा पुन्हा भरता येणारा.

त्या सेलसाठी पोरीनं काय काय पाहिलं! आठ दिवस वाचत होती. शेवटी स्टँडजवळच्या सलीमभाईच्या दुकानात गेली, मीही सोबत होते. तिनं आधी चकचकीत वेष्टनाचे, स्वस्तातले उचलले. सलीमभाईनं ते हातातून काढून घेतले. "हाई लेऊ नको बेटा. नाव शे मोठं, आत काही नाही." मग चांगले चार दिले, त्यांना चालेल असा चार्जर दिला आणि बजावलं — यात दुसरा कुठला सेल घालायचा नाही.

मी हसले. म्हटलं, "सेल म्हंजे सेल शे, त्याले काय सोयरीक जुळाडनी शे?"

मला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडे बॅटरीचे सेल मेले की पत्र्यावर ज्वारीच्या बिबड्या-पापडांच्या शेजारी उन्हात टाकायचे, आणखी दोन दिवस उजेड पडायचा. सेल पुरता मरतो हे मला कोणी शिकवलंच नव्हतं — पण हे मी कशाला सांगतेय? सलीमभाईनं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

एका दुपारी स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं. त्यातला साधा सेल मी उन्हात तापवला, तरी चालेना. ओट्यावर कोमलच्या चार्जरमध्ये दोन सेल भरत होते. त्यातला एक मी घड्याळात घातला आणि घड्याळातला तिथे बसवला. भरेल की तोही! चार्जरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मी सेल काढून पुन्हा दाबून बसवला. दिवा थांबला, तशी मी भाजी निवडायला गेले.

फुस्स असा आवाज आला. मग पोरीची किंकाळी.

ती सेल घ्यायला वाकली होती. आतलं पाणी थेट डोळ्यात उडालं. माझा मुलगा सुरेश तिला गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. आणि मी? मी पोरीमागे गेले नाही. आधी फुटलेला सेल फडक्यानं उचलला, फडक्यासकट घंटागाडीत टाकला. मग ओटा पुसला. काम नीट केलं. स्वतःचंच नवल वाटतं मला — कोणी न शिकवता हे कसं सुचलं?

डोळा वाचला. महिनाभर पट्टी होती. कोमल म्हणायची, "आजी, निवडण्यात माझीच चूक झाली." मी तिच्या डोळ्यात औषध घालत राहिले.

सुरेश उरलेले तीन सेल घेऊन दुकानात गेला. भर स्टँडवर सलीमभाईला खोटारडा म्हणाला. सलीमभाईनं तिन्ही उलटसुलट करून पाहिले. "ह्या मन्हाच शेतस, भाऊ. चौथा दखाडा." चौथा कुठून दाखवणार? तो आमच्या भिंतीवर टिकटिकत होता. लोकांनी सुरेशचं खरं मानलं. त्यानंतर सलीमभाईनं सेल विकणंच बंद केलं. कोणी मागितले तर म्हणायचा, दुसरीकडे पाहा.

मग एक दिवस तो घरी आला. पोरीसाठी सफरचंदं आणली होती. मी चहा ठेवला. कप हातात धरून, खाली मान घालून तो म्हणाला, "अक्का, मन्हाकडतून चुकनं व्हई ते माफ करज्यात."

एवढ्या वर्षांचा धंदा. त्याची चूक नव्हती, हे त्याला माहीत असणारच. तरी तो म्हणाला. घरात आम्ही दोघंच होतो. तोंड उघडायला याहून बरी वेळ कोणती होती?

मी तोंड उघडलं. म्हटलं, "जाऊ दे भाऊ. माफ कयं मी तुले."

त्यानं हात जोडले.