चुरडलेला पुदिना

वैशाखातली संध्याकाळ. पंख्याखालीही जीव ठरेना, म्हणून ओट्याशी जाऊन लुडबुडले. नात आंब्याचा रस, लिंबू आणि रम घालून काहीतरी थंडगार करत होती. पुदिना तिने माझ्याकडे दिला, तर मी तो खलबत्त्यात घालून दणादण कुटायलाच लागले.

"अगं आजी, चटणी करतेस का? नुसता दाब. वास सुटला की बास!"

दाबलं की वास सुटतो, हे काही पुदिन्याचंच नाही. मला माझी तिशी आठवली. आमच्या ह्यांच्या प्यायला बसलेल्या मित्रांपुढे पापडाचं ताट आदळायचं, नाकाला पदर लावायचा आणि घासायला आलेले ग्लास मोरीत गुपचूप हुंगायचे! केवढी ती सोवळी बाई! हवं तर होतं, मागायची मात्र छाती नव्हती.

नातीने ग्लास पुढे केला. "तुझ्यात रम नाही हं."

माझी पुन्हा चुळबूळ सुरू. आतली ती सोवळी म्हणाली, बरंच झालं. मी मात्र ग्लास परत सरकवला. "घाल गं थोडी."

नात बघतच राहिली, पण घातली. पहिल्या घोटाला कानशिलं तापली. जीव काही निवला नाही; त्याला आता दुसरा घोट हवा होता.