शिडीकाकाजींची सही

साकोलीत शिडीकाकाजींच्या आधी त्यांची शिडी येत असे. मोटारसायकलच्या बाजूला बांधलेली बांबूची शिडी पुढच्या चाकाच्या दोन हात पुढे निघालेली असे. वळणावर आधी शिडी दिसे, मग लोक बाजूला होत आणि शेवटी काकाजी येत. गाडीचा हॉर्न त्यांनी कधी दुरुस्त करून घेतला नाही. गरज पडली नाही.

घरोघरी इंटरनेट पुरवणे हा त्यांचा धंदा. आधी टीव्हीची केबल होती, पुढे त्याच खांबांवरून फायबर गेली. बसस्थानकाजवळच्या गाळ्यात ऑफिस होते: एक टेबल, दोन खुर्च्या आणि दिवे लुकलुकणारे एक कपाट.

मी तिथे नाइलाजाने गेले. पॉलिटेक्निकमध्ये तीस दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. रोजच्या कामाची डायरी लिहायची, त्याखाली मालकाची सही घ्यायची. एक सही कमी असली तरी तोंडी परीक्षेला बसता येत नसे. मला नेटवर्किंगचेच काम हवे होते. नागपूर-पुण्याच्या चाळीस कंपन्यांना मेल पाठवले. एक उत्तर आले, तेही यंत्राने पाठवलेले. मी ते दोनदा वाचले. वर्गातल्या बहुतेकांनी ओळखीच्या दुकानातून तीसही सह्या एका दुपारी आणल्या होत्या.

काकाजींनी सगळे ऐकून घेतले.

"पगार?"

"नको, काकाजी."

"जेवन?"

"डबा आणते."

"तरी कंपन्या घेत नाही तुले? येड्या हायेत काय वो त्या?"

पहिल्या संध्याकाळी मी डायरी पुढे केली. त्यांनी विचारले, "आज कोनाचं घर चालू केलं तू?" कोणाचेच नाही. मी दिवसभर त्यांच्या मागे उभी होते. "मंग सही कायची करू? उभं राहाची?"

नियम ठरला. माझ्या हाताने एक बंद घर चालू झाले, की त्या दिवसाची सही. पहिल्या आठवड्यात दोन मिळाल्या. सुट्टी मोठी होती म्हणून निभावले.

पुस्तकी ज्ञानाचा काकाजींना राग नव्हता, फक्त त्याची मोजदाद ते वेगळी करत. नेटवर्कचे सात थर असतात, असे मी एकदा त्यांना समजावून सांगितले. ते शिडीवरून शांतपणे ऐकत होते. खाली उतरून म्हणाले, "माह्याजवळ तीनच हायेत. घर, खांब अन् आपलं हापिस. उरलेले चार सापडले तर सांगजो."

"लाइन खोटं बोलत नाही, मानूस बोलते," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. एकोडीच्या एका घरी वायफाय खोलीबाहेर पोचत नव्हते. घरातल्या बाई म्हणाल्या, राउटरच्या डब्ब्याला कोणी हात लावलेला नाही. हे खरे होते. डब्बा लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती. "चोरीले गेला म्हंजे?" त्यांनी विचारले. मी कपाट उघडायला लावले, डब्बा बाहेर काढून खिडकीजवळ ठेवला. सही मिळाली. काकाजींनी त्या बाईंना एवढेच सांगितले, "बाई, हवा कोंडली होती त्याची."

सर्वात जास्त बिघाड वानरे करत. नागझिऱ्याच्या जंगलाकडून टोळी आली की तारांना धरून झोके घेई आणि दोन गल्ल्या बंद पडत. काकाजी वैतागत. मी मात्र सकाळी बसमधून उतरले की आधी झाडांकडे पाहत असे. वानर दिसले की दिवस सार्थकी लागणार. "काहून वो, देव दिसला काय?" काकाजी विचारत.

अशा एकोणतीस सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी डायरी कॉलेजात द्यायची होती आणि नेमके आज साकोलीत सगळ्यांचे इंटरनेट चालू होते. वानरांचा पत्ता नव्हता. दुपारी एका निवृत्त गुरुजींकडे नवा पासवर्ड द्यायला मला पाठवले. गुरुजी पाणी आणायला आत गेले. मी डब्ब्यामागची पिवळी वायर बोटभर सैल केली. हिरवा दिवा लाल झाला. मी पाणी प्यायले आणि ऑफिसात परतले.

तासाभराने गुरुजींचा फोन आला. "मी पाहून येते," म्हणत मी निघाले, वायर दाबून बसवली, दिवा हिरवा झाला. मागे वळले तर दारात काकाजी उभे होते. त्यांच्या हातात माझी अवजारांची थैली होती.

"हे थैली तुही हापिसातच राहिली होती वो," ते म्हणाले. बिघाड काय आहे हे न पाहता मी रिकाम्या हाताने दुरुस्तीला आले होते. त्यांनी मला अंगणात बोलावले.

"वांदर कोनतं होतं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मला परत आत पाठवले. मी गुरुजींना सगळे सांगितले आणि माफी मागितली.  गुरुजी डब्ब्याकडे पाहून म्हणाले, "तासभर मी याले थापडा मारून राहिलो होतो. याची काय चूक होती?"

ऑफिसात काकाजींनी डायरी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिले: 'आज हिने गुरुजींची लाइन स्वतः पाडली. विचारल्यावर कबूल केले. माफी मागितली. लाइन चालू करून दिली.' खाली सही केली.

"काकाजी, कॉलेजात हे वाचतील."

"वाचू दे ना. बंद घर चालू झालं का नाही? नियम तो नियम."

"नापास केलं तर?"

"मंग येजो पुढच्या साली. जागा रिकामीच हाय."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी शेवटचे पान मोठ्याने वाचले. आमचे सर खिडकीबाहेर पाहू लागले. लाइन पाडली म्हणजे नेमके काय केले, असे परीक्षकांनी विचारले. मी कोणती वायर, किती सैल केली आणि कोणता दिवा लाल झाला ते सांगितले.

"अन् त्यांना कळलं कसं?"

"थैली विसरले, सर."

"सकाळपासून वीस डायऱ्या पाहिल्या," ते म्हणाले. "तीस दिवसांत कोणाच्या हातून एक चूक नाही. काम केलेल्या तुम्ही पहिल्या भेटलात." त्यांनी मला पास केले.

मग त्यांनी काकाजींकडून आलेले बंद पाकीट फोडले. त्यात कॉलेजचा अभिप्रायाचा कागद होता. शेवटचा प्रश्न होता: या विद्यार्थिनीला तुम्ही नोकरीवर घ्याल का? काकाजींनी लिहिले होते, 'नाही.' परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. खाली कारणाचा रकाना होता. तो त्यांनी वाचून दाखवला:

'इथलं सगळं काम तिले येते. इथं ठेवली तर ती रिकामी बसन, अन् रिकामी बसली का लाइन पाडते. नागपूरले पाठवा.'