पापड आणि भाकरी

दर शनिवारी तो तरुण मेकॅनिक आमच्या गॅरेजमध्ये येतो, बूट पुसतो आणि आधी गाडीला ‘मॉर्निंग’ म्हणतो, मला नंतर. बर्मिंगहॅममध्येच जन्मलेला, पण मराठी घरातला. त्यामुळे त्याची मापं स्वयंपाकघरातली.

हे गेले तेव्हा त्यांची जुनी अमेरिकन गाडी अर्धवट राहिली होती. त्यांनी बसवलेल्या मोठ्या इंजिनावर बॉनेट जेमतेम बंद होत होतं. बाकीचे मेकॅनिक म्हणत, बॉनेट कापा. ह्यांना ते कधीच मान्य नव्हतं, म्हणून मलाही नाही.

मधली फट मोजायला त्याने इंजिनावर मुलांची खेळायची माती थापली, दोन्ही तळव्यांनी बॉनेट हळूच मिटलं आणि उघडलं. डावीकडची माती पार दबली होती.

“पापड,” तो म्हणाला. “इंजिन हललं की घासणार. पण डोन्ट कट इट, काकू. इंजिन ज्याच्यावर बसतं ना, ती सबफ्रेम तिरकी आहे. काकांनी तिच्या ह्या साइडची रबरं उलटी लावली.”

म्हणजे बोल्ट काढावे लागणार. ह्यांच्या हातांनी आवळलेले बोल्ट. त्याने पाना पुसला आणि माझ्या हातात दिला.

“पहिला तुम्ही सोडा. मी धरतो.”

मी सोडला.

रबरं सुलटी झाली, फ्रेम सरळ बसली. पुन्हा माती, पुन्हा तळवे. ह्या वेळी त्याने मातीचा तुकडा सुरीने उचलून उजेडात धरला आणि गाडीकडे वळून म्हणाला, “भाकरी, काका. आरामात.”

मला नंतर सांगितलं.