पाइपाखालचं पाणी

"आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं. सर्जापूर रोडवरच्या त्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी हसला. म्हणाला, "तरीच."

पुण्याचा होता. क्लबहाऊस मराठी न कळणाऱ्या माणसांनी भरलेलं, आणि तो माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलत होता. तो एक शब्द तिथं तिघांनाच कळला. त्याला, मला, आणि मॉप घेऊन दाराशी उभ्या असलेल्या माझ्या आईला.

मी नववीत होते. आम्ही बेळगावकडचे. आई त्याच अपार्टमेंटमध्ये झाडलोट करायची. कंपाउंडबाहेर, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं घर. सरकारी कन्नड शाळेत विज्ञानाला मंजुळा टीचर होत्या. शनिवारी शाळा सुटली की त्या आम्हाला अपार्टमेंटजवळच्या तळ्यावर न्यायच्या. बाटल्या, भिंग, तपासायचं औषध, सगळं त्यांचंच. पाण्यात थेंब टाकायचे. सांडपाणी मिसळलेलं असलं की पाणी पिवळं होतं. जे दिसलं तेच लिहा, एवढंच सांगायच्या. माझ्या हातात भिंग त्यांनी दिलं. त्याआधीच्या शाळेत मला झाडू मिळायचा.

त्या वर्षी अपार्टमेंटवाल्यांनी त्या क्लबहाऊसमध्ये विज्ञानाचं प्रदर्शन भरवलं आणि आमच्या शाळेलाही बोलावलं. मी तळ्याच्या पाण्याच्या चार बाटल्या मांडल्या. तीन फिक्या. चौथी गर्द पिवळी. ती अपार्टमेंटचं सांडपाणी तळ्यात सोडणाऱ्या पाइपाखालची. कागदावर तसंच लिहिलं होतं.

माझं आडनाव विचारून झाल्यावर सेक्रेटरीनं कागद उचलला. ही घाण तुमच्या शेडचीच, म्हणाला. मग आईला पुढं बोलावलं.

"पोरीला सांग, खोटं लिहिलं म्हणून माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

 आईच्या मॉपमधून पाणी ठिबकत होतं.   माफी मागून टाकावी, पळून जावं, असंच वाटत होतं. टीचरना मराठी येत नव्हतं, पण आमचे चेहरे बघून त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. हळूच कन्नडमध्ये विचारलं, तू काय पाहिलंस?

त्यांनी माझ्या वतीनं बोलावं, असं वाटत होतं. पण त्या वाट बघत राहिल्या.

मी सेक्रेटरीला म्हणाले, "पाणी तुमच्या पाइपाचं आहे. मी स्वतः भरलंय. माफी मागणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानं कागद फाडला. दुसऱ्या दिवशी आईला गेटवरूनच परत पाठवलं. शाळेत तक्रार गेली, मुलांना बाहेर न्यायचं नाही म्हणून टीचरना लेखी आलं. दोन दिवस आई कामाविना घरीच होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं विचारलं, "खरंच त्यांच्याच पाइपाचं होतं न्हवं?"

"होय."

"सरी, बरं तर," ती म्हणाली. आणि यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडायचं काम शोधायला निघाली.

टीचर आम्हाला प्रयोगांसाठी रविवारी आपल्या घरी बोलवायला लागल्या. आम्ही पाच जण जात राहिलो.

आज मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला आहे. काल साहेबांनी एका कारखान्याच्या सांडपाण्याचा रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. एक आकडा स्वल्प खाली आणून सही कर, म्हणाले.   मी सही केली नाही. उद्या ते पुन्हा बोलावतील, कदाचित काढूनही टाकतील. भीती वाटते. सही मी उद्याही करणार नाही.