काढून टाकलेलं पहिलं पान

तारीख १४ जून, शनिवार, सकाळी अकरा. ठिकाण – नाशिक, आमच्या पैठणी विणकर संस्थेचं ऑफिस. हजर – मी (कार्यालय अधीक्षक, वय ५३), अध्यक्ष अण्णा आणि नवीन वेबसाइट करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर गिरीश. चौथं कोणी नव्हतं. हे आधीच लिहिते, कारण सगळे तेच विचारतात.

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत. माझा विश्वास यादीवर. काम लिहायचं, झालं की टिक करायची.

जुनी वेबसाइट शकीलभाईंनी केलेली. येवल्याच्या विणकर घरातले, अकरा वर्षं आमच्याकडे. प्रत्येक साडीच्या फोटोखाली ते विणणाऱ्याचं नाव टाकायचे. पुढे संचालकांना ते खुपायला लागलं – गिऱ्हाईक परस्पर विणकराकडे जातं म्हणे. साड्यांना बांधलेल्या नावाच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, नवीन वेबसाइटचं काम बाहेर दिलं आणि शकीलभाईंना घरी बसवलं. जाताना ते म्हणाले, "मॅडम, माझं जाऊ द्या. विणणाऱ्याचं नाव तेवढं राहू द्या."

नवीन वेबसाइटच्या यादीत मी ते सातव्या क्रमांकावर लिहिलं. अण्णा म्हणाले, "हे काढा." मी रेघ मारली. मार्चमध्ये शकीलभाई हार्ट अटॅकने गेले.

तर त्या शनिवारी नवीन वेबसाइट सुरू करायची होती. आमचा सर्व्हर जावा या संगणकाच्या भाषेवर चालणारा. नुसता पत्ता टाकला की कोणतं अ‍ॅप उघडायचं, ते तिथे 'रूट' नावाच्या फोल्डरवरून ठरतं. गिरीशने सर्व्हर बंद केला, जुनं रूट फोल्डर डिलीट केलं, नवीन अ‍ॅप त्याच नावाने ठेवलं, तात्पुरत्या फाइल्स साफ केल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो बोलत गेला, मी टिक करत गेले.

मग अण्णांच्या लॅपटॉपवर पत्ता टाकला... आणि शकीलभाईंचं पान उघडलं.

"कॅशे असेल, जुनं पान लॅपटॉपमध्ये साठून राहिलं असेल," गिरीश म्हणाला.

अण्णा म्हणाले, "माणूस गेला तरी पान जाईना का याचं?"

मी मात्र पानावरची पहिली साडी बघत होते. जांभळी, मोरांच्या पदराची. ती साडी गुरुवारी ऑफिसात आली होती, चिठ्ठीशिवाय. अजून माझ्या कपाटात होती, तिचा फोटोसुद्धा काढलेला नव्हता. आणि खाली लिहिलं होतं – विणकर : कमल पगारे, येवला.

हे नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी येवल्याहून साड्या पाठवणाऱ्या दत्तूभाऊंना फोन लावला, स्पीकरवर. "दत्तूभाऊ, गुरुवारची जांभळी कोणी विणली?"

"ती व्हय? कमल पगारेनं. आठ महिने बसली व्हती मागावर. लय डोळे दुखले तिचे." मग त्यांनीच विचारलं, "का हो मॅडम, खोट निघाली काय? तुम्ही लोक नाव इचारता तवा खोटच निघालेली आसती."

मी उत्तर द्यायच्या आत अण्णांनी हात लांब करून फोन बंद केला. "पुढचं बघा," म्हणाले.

गिरीशने पान रिफ्रेश केलं. नवीन वेबसाइट उघडली. चकचकीत, संस्थेचं नाव मोठं, विणकराचं कुठेच नाही. त्या जुन्या पानाचा फोटो काढून ठेवायचं तिघांनाही सुचलं नव्हतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये पहिल्यापासून नवीन अ‍ॅपच उघडल्याची नोंद आहे. गिरीशने नंतर दोन दिवस शोधलं, काही सापडलं नाही. अण्णा आता म्हणतात, असं काही झालंच नव्हतं.

जांभळी साडी पंधरा दिवसांत विकली गेली. नावाशिवाय.

मला आजही या प्रकाराचा अर्थ लागलेला नाही, लावायचा प्रयत्नही मी सोडलाय. पण त्या दिवशीच्या यादीच्या तळाशी मी एक काम लिहिलं होतं – कमल पगारेंना फोन, साडीत खोट नव्हती म्हणून सांगणे. दत्तूभाऊंनी तिला चौकशी आल्याचं सांगितलं असणारच. फोन केला की ती विचारेल, मग नाव कशाला विचारलंत?

बाकी सगळ्यांपुढे टिक आहे. त्याच्यापुढे नाही.