प्रज्ञाची लॉगशीट

“मीटर नाई म्हणजे? आमच्या बॉयलरले पन्नास मीटर हायेत, अन् पोरीच्या डोक्याले एकबी नाई?”

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातले, कंट्रोल रूममधले रामटेकेभाऊ चंद्रपूरच्या माझ्या क्लिनिकमध्ये कडाडले. गोष्ट नव्वदीच्या अखेरची. त्यांची अकरावीतली प्रज्ञा शेजारी मान खाली घालून बसलेली. तीन आठवडे कॉलेज नाही, धड जेवण नाही, बोलणं नाही. आई बाहेर बाकावर. खुर्च्या दोनच होत्या.

मी मानसोपचारतज्ज्ञ. मनाचा आजार रक्तात दिसत नाही, हे समजावून सांगितलं. तरी थायरॉइडची तपासणी लिहिली. गळ्यातली ही ग्रंथी मंदावली तरी माणूस असाच मलूल होतो. सॅम्पल नागपूरला जायचं, रिपोर्टला दहा दिवस लागायचे.

“तोवर झोपेवर लक्ष ठेवा,” मी म्हणालो.

दहाव्या दिवशी भाऊ एकटेच आले. रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे उरलं डिप्रेशन! मी ऐटीत पेन उघडलं, गोळ्या लिहायला.

“थांबा ना साहेब. लॉगशीट तर पाहा!”

प्लान्टमध्ये दर तासाला रीडिंग लिहितात, तशी या माणसानं पोरगी लिहिली होती! तीन शिफ्ट, हँडओव्हरच्या सह्या. सेकंड शिफ्ट आईची. रिमार्कच्या रकान्यात बाईंचं अक्षर: ‘बापाशी भांडली. चूक बापाची.’

हसत हसत शेवटच्या ओळींवर आलो आणि थबकलो. शेवटचे पाच दिवस झोप तीन तास. ‘थकत नाई. शेजारच्यांचेबी कपडे धुतले. बोलणं थांबत नाई.’

“हे आधी का नाही सांगितलं?”

“बरी झाली ना ते! बऱ्या माणसाचं काऊन सांगू?”

मी पेन बंद केलं. हे बायपोलर असणार. यात मन कधी पार खाली, कधी बेफाम वर. अशा पोरीला नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे चुलीत रॉकेल.

दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं, खुर्ची शेजारच्या दुकानातून आणली. मागल्या वर्षीही असेच बिनझोपेचे आठ-दहा दिवस गेले होते, आई म्हणाली.

“मले कोणी विचारलंच नाई, डॉक्टरसाहेब.”

हे चढउतार आवरणारं लिथियम सुरू केलं. त्याचं रक्तातलं प्रमाण मात्र मोजत राहावं लागतं. जास्त झालं तर अपाय. पहिला आकडा आला तसे भाऊ खुर्चीतून उठलेच.

“हे झालं मीटर!”

प्रज्ञा बारावी पास झाली. तोवर लॉगशीट तिनं स्वतःच्या ताब्यात घेतली होती. पेढे आणले त्या दिवशीचा रिमार्क: ‘झोप आठ तास. बाबा घोरतात. अलार्म.’

थायरॉइडची तपासणी मी अजूनही लिहितो. पण क्लिनिकमध्ये आता तीन खुर्च्या आहेत.