दानम्माने न दिलेल्या बिया

नेकनूरच्या पेठेत दानम्माचं जडीबुटीचं दुकान होतं. नवरा धोंडप्पा वारल्यावर तीच गादीवर बसू लागली. हिरडा, सुंठ, ओवा सगळं समोर मांडलेलं असे. जमालगोटा मात्र कुलपात. दिसायला एरंडीसारखी बी, पण कच्ची पोटात गेली तर आतडी सोलून काढणारी. दानम्मा ती सोलून मधली जिभली, म्हणजे पातळ कोंब, काढायची, फडक्यात बांधून दुधात उकळायची, वाटून कोऱ्या कौलावर थापायची. कौलानं तेल पिऊन घेतलं, की उरलेल्या भुकटीच्या मुगाएवढ्या, जुलाबाच्या गोळ्या.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीतून लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळू लागला. तो खाऊन लोकांची पोटं दगड झाली. तलावाच्या कामावर जाणाऱ्या सटवाच्या म्हाताऱ्या बापाला दानम्माच्या एका गोळीनं मोकळं केलं. आठवड्यानं सटवा पुन्हा आला.

"अम्मा, आता माझ्या बायकोसाठी, विमलसाठी द्या. चार दिस झाले, पोट फुगलंय."

"पोरगी हाडाची काडी झालीय. तिला न्हाई द्यायची. कोमट पाण्यातून एरंडेल दे."

"बापाला दिली, मग हिला कावून न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना!" दुकानात गर्दी होती. दानम्मा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सटवा धापा टाकत दारात उभा राहिला. बाजारात आलेल्या एका फिरत्या जडीबुटीवाल्याकडून त्यानं कच्च्या बिया घेतल्या होत्या. तीन बिया गुळात कुटून बायकोला दिल्या होत्या.

"जुलाब थांबंना, अम्मा. रगत पडतंय. शेजारणी कढत चहा पाजायल्यात."

"कढत? बंद कर ते! गरम पाण्यानं हे इख आणखी भडकतं."

दानम्मानं सकाळची गार पेज लोट्यात ओतली, दुकान उघडंच टाकलं आणि पळत सुटली. विमलचे ओठ पांढरे पडले होते. दानम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पेज पाजू लागली. सटवाला तिनं सोसायटीकडे पिटाळलं. तिथं मिलोचा ट्रक आला होता; पोती निम्मीच उतरली असताना सेक्रेटरी बबनरावांनी तो दिला. बीडच्या दवाखान्यात सलाइन लागलं. तीन दिवसांनी विमल उठून बसली आणि पहिल्यांदा म्हणाली, "भूक लागली."

सटवा दानम्माच्या पायाशी बसला. "माझीच अक्कल गेलती."

"तुझी गेली तशी माझीबी," दानम्मा म्हणाली. "मी न्हाई म्हणले. कावून, ते सांगितलं न्हाई. सांगायला किती येळ लागला असता?"

धोंडप्पा म्हणायचा, औषधाची विद्या चारचौघांत उघडी करू नये. दानम्मानं इतकी वर्षं ते पाळलं होतं. पण पुढच्या मिलोवाटपाच्या दिवशी ती सोसायटीच्या रांगेपाशी गेली, मुठीतली बी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे धरली.

"ही जमालगोट्याची बी ओळखून ठेवा. वाळलेल्या माणसाला, पोटुशीला, लेकराला द्यायची न्हाई. कुणी खाल्लीच तर कढत काही पाजू नका. गार पेज द्या अन् दवाखाना गाठा."

एक म्हातारी पुढे आली. "अम्मा, मला नीट दिसंना. हातात द्या की."

दानम्मानं बी तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिनं चाचपून परत देईपर्यंत शेजारीच उभी राहिली.